हलकी फिफ्थ व्हील हिच निवडताना: पिकअपवाल्या नव्या मंडळींसाठी

पिकअप ट्रक दारात उभा आहे, सुट्टीत मुलांना घेऊन यलोस्टोन नाहीतर ग्रँड कॅन्यन गाठायचं मनात आहे आणि डीलरकडचा एक फिफ्थ व्हील ट्रेलर घरातल्या सगळ्यांना आवडला आहे. अमेरिकेतल्या आपल्या बऱ्याच मंडळींची सुरुवात अशीच होते. ट्रेलरमधला ओटा, पलंग, कपाटं बघण्यात अर्धा दिवस जातो आणि ट्रकला ट्रेलर जोडणारी हिच कुठली घ्यायची, हे मात्र सह्या करताना पाच मिनिटांत उरकलं जातं. डीलर ‘पॅकेजमध्ये’ जी हिच देतो ती बहुधा जड पोलादी असते. ती वाईट असते असं नाही. पण तुमच्या ट्रकला ती झेपते का, आणि ट्रकच्या बेडमधून (मागच्या उघड्या हौद्यातून) काढायची वेळ आली की तुम्हाला झेपते का, हे तिथे कोणी विचारत नाही. ते आपणच विचारायला हवं.

आधी जोडणी कशी असते ते समजून घेऊ. फिफ्थ व्हील ट्रेलर मागच्या बंपरखालच्या गोळ्याला अडकत नाही. त्याचा पुढचा भाग ट्रकच्या बेडवर येतो. तिथून खाली आलेली २ इंच जाडीची पोलादी खुंटी, म्हणजे किंगपिन, बेडमधल्या हिचच्या जबड्यात अडकते. न्हावाशेवा बंदराकडे जाणारे कंटेनरचे ट्रेलर ज्यांनी जवळून पाहिले आहेत त्यांना ही जोडणी ओळखीची वाटेल. तत्त्व तेच आहे. हिच मागच्या ॲक्सलच्या बरोबर वर किंवा किंचित पुढे बसते. त्यामुळे शेजारून मोठा ट्रक गेला किंवा आडवा वारा सुटला तरी ट्रेलर शेपटीसारखा डुलत नाही. फिफ्थ व्हील लोकांना आवडतो तो याचसाठी.

मात्र त्यामुळेच ट्रेलरच्या वजनाचा मोठा हिस्सा थेट ट्रकच्या पाठीवर येतो. बंपरच्या हिचला लावायच्या ट्रेलरमध्ये हा हिस्सा साधारण १० ते १५ टक्के असतो, फिफ्थ व्हीलमध्ये १५ ते २५ टक्के. हिशेबाला २० टक्के धरून चालावं. याला पिन वेट म्हणतात. हिचचं स्वतःचं वजन या पिन वेटच्या जोडीला त्याच बेडवर बसतं, म्हणून हलक्या हिचला महत्त्व.

पहिलं काम: दाराच्या चौकटीवरचं स्टिकर

ड्रायव्हरचं दार उघडा. चौकटीच्या खांबावर पांढऱ्या-पिवळ्या रंगाचं एक स्टिकर असतं, त्यावर टायरच्या हवेचे आकडे असतात. त्याच स्टिकरवर इंग्रजीत एक ओळ असते: माणसं आणि सामान मिळून अमुक पाउंडांपेक्षा जास्त वजन कधीही होऊ देऊ नये. हा आकडा म्हणजे तुमच्या त्या विशिष्ट ट्रकचा पेलोड. फोनवर त्याचा फोटो काढून ठेवा, कारण पुढचा सगळा हिशेब याच आकड्यातून वजा होत जाणार आहे.

जाहिरातीत दिसतो तो आकडा वेगळा असतो. ‘हा ट्रक १२ हजार पाउंड ओढतो’ हे ओढण्याबद्दल झालं. पाठीवर किती पेलतो हे त्यात येत नाही. फिफ्थ व्हीलच्या बाबतीत बहुतेक ट्रक ओढण्यात कमी पडत नाहीत, पेलण्यात कमी पडतात. शिवाय एकाच नावाच्या दोन ट्रकांचा पेलोड कित्येक शे पाउंडांनी वेगळा असू शकतो. फोर-व्हील ड्राइव्ह, काचेचं छप्पर, डिझेल इंजिन, मोठी केबिन यांतलं प्रत्येक वजन पेलोडमधून कापलं जातं. म्हणून मित्राचा एफ-१५० अमुक ट्रेलर आरामात नेतो, एवढ्यावर आपला निर्णय घेऊ नये. त्याचं स्टिकर वेगळं असतं.

पेलोडमध्ये काय काय मोडतं? ड्रायव्हरसकट गाडीतली सगळी माणसं, मागच्या सीटवरच्या बॅगा, कूलर, बेडवरचं झाकण, टूलबॉक्स, हिच, हिच ज्यांवर बसते त्या बेडमधल्या पट्ट्या आणि ट्रेलरचं पिन वेट. टाकीतलं इंधन वेगळं धरायचं नाही, ते ट्रकच्या मूळ वजनातच धरलेलं असतं.

आता एक हिशेब मांडू. समजा तुमचा हाफ-टन ट्रक आहे (एफ-१५०, रॅम १५००, सिल्व्हराडो १५०० या पंक्तीतला) आणि स्टिकरवर १,८०० पाउंड आहे. आई-बाबा आणि दोन मुलं मिळून ५०० पाउंड. बेडमधलं किरकोळ सामान १००. ट्रेलरचं कमाल भरलेलं वजन ७,५०० पाउंड, म्हणजे पिन वेट १,५००. पट्ट्यांसकट पोलादी हिच १५०. बेरीज झाली २,२५०. मर्यादेपेक्षा ४५० पाउंड जास्त. आता पोलादी हिच काढून ४० पाउंडांची हिच घेतली तर बेरीज २,१४० होते. तरीही ३४० पाउंड जास्तच. इथे हलकी हिच घेऊन काही साधत नाही. ट्रेलर लहान हवा किंवा ट्रक मोठा हवा. ‘हाफ-टनसाठी खास हलकी हिच’ अशी जाहिरात वाचून अशा जोडीला कोणी रस्त्यावर काढू नये, एवढी माझी कळकळीची विनंती आहे. गाडीत आपलीच मुलं बसलेली असतात.

दुसरा हिशेब थ्री-क्वार्टर-टनचा, म्हणजे एफ-२५० किंवा २५०० नावाच्या ट्रकांचा. स्टिकर २,५०० पाउंड. तेच कुटुंब ५००, तेच सामान १००. ट्रेलरचं भरलेलं वजन ८,५००, पिन वेट १,७००. बेरीज २,३००. उरले २०० पाउंड. इथे मागे-पुढे सरकणारी २५० पाउंडांची हिच घेतलीत तर तुम्ही ५० पाउंडांनी मर्यादेबाहेर जाता. १०० पाउंडांची घेतलीत तर १०० पाउंड हाताशी राहतात, एका माणसाला त्याच्या बॅगेसह बसवण्याइतके नसले तरी दोन कूलर आणि जनरेटरचं इंधन मावेल इतके. हलकी हिच खऱ्या अर्थाने निर्णायक ठरते ती अशा काठावरच्या जोडीत.

ट्रेलरचं वजन हिशेबात धरताना माहितीपत्रकातलं कोरडं वजन कधीही घेऊ नका. कारखान्यातून निघालेल्या रिकाम्या ट्रेलरचं ते वजन असतं. त्यात बॅटरी, पाणी, भांडीकुंडी, अंथरुणं नसतात, आणि बऱ्याचदा गॅसही नसतो. फिफ्थ व्हीलमध्ये बॅटरी आणि गॅसच्या टाक्या बहुधा पुढच्या बाजूला असतात, पुढच्या पोटातलं मोठं सामानघरही तिथेच. म्हणजे तुम्ही जे भरता त्यातलं बरंचसं पिनवरच येतं. पाण्याचं वजन गॅलनमागे ८.३४ पाउंड, म्हणजे ५० गॅलनची टाकी भरली की सव्वाचारशे पाउंडांच्या जवळपास. ट्रेलरच्या डाव्या अंगाला पुढच्या बाजूस जी सरकारी पट्टी असते तिच्यावरचा जीव्हीडब्ल्यूआर, म्हणजे कमाल भरलेलं वजन, घ्या आणि त्याचे २० टक्के काढा. तांदळाची गोणी, कुकर, डाळींचे डबे, मिक्सर घेऊन निघणाऱ्या आपल्या घरांत ट्रेलर त्या आकड्याच्या आसपास पोहोचायला वेळ लागत नाही.

त्याच चौकटीवर दुसरं एक स्टिकर असतं, त्यावर मागच्या ॲक्सलची मर्यादा लिहिलेली असते. पिन वेट जवळजवळ सगळं मागच्या ॲक्सलवर बसतं, म्हणून तो आकडाही टिपून ठेवा. टायरवर छापलेली भारक्षमताही बघा. हाफ-टनवर बऱ्याचदा मोटारीच्या जातीचे टायर असतात, त्यांची सोय आधी बघावी लागते.

दुसरं काम: बेडची लांबी मोजा

टेप घेऊन बेड मोजा. हाफ-टनवर बहुधा साडेपाच फूट, मोठ्या ट्रकांवर साडेसहा किंवा आठ फूट. आठ फुटांचा बेड असेल तर हा भाग तुमच्यासाठी संपला. साधी, न सरकणारी हिच घ्या आणि पुढे चला.

आखूड बेडची अडचण वळताना येते. कॅम्पग्राउंडमध्ये ट्रेलर मागे घेताना ट्रक जवळजवळ काटकोनात वळतो आणि ट्रेलरचा पुढचा कोपरा केबिनच्या मागच्या काचेकडे येतो. अंतर कमी पडलं तर काच फुटते, ट्रेलरचा कोपरा चेपतो. त्यावर तीन उपाय आहेत.

पहिला, सरकणारी हिच. हाताने सरकवायच्या प्रकारात वळणाआधी खाली उतरून कुलूप सोडावं लागतं, मग ट्रेलरचे ब्रेक धरून ट्रक हलवला की हिच मागे सरकते. वळून झाल्यावर पुन्हा उतरून पुढच्या जागी आणायची, विसरायचं नाही. आपोआप सरकणाऱ्या प्रकारात हे काम वळतानाच होतं. पुलराइटची सुपरग्लाइड ही त्यातली प्रसिद्ध. सोय मोठी, पण किंमत साध्या हिचच्या कितीतरी पट आणि वजनही बरंच जास्त. हलकं काही शोधत असाल तर सरकणारी हिच तुमच्या विरुद्ध दिशेला जाते.

दुसरा, ट्रेलरच्या बाजूचा उपाय. रीसचा साइडवाइंडर नावाचा पिन बॉक्स (ट्रेलरची किंगपिन धरणारी पेटी) येतो, तो वळणाचा बिंदू मागे नेतो. त्यामुळे साध्या, न सरकणाऱ्या हिचवर आखूड बेडचा ट्रक चालतो. पण हा बॉक्स स्वतः वजनदार असतो आणि ते वजनही पिनवरच येतं, हे विसरू नका.

तिसरा उपाय फुकट आहे. आजकालच्या बऱ्याच फिफ्थ व्हीलचं तोंड दोन्ही कोपऱ्यांत आत घेतलेलं असतं, साडेसहा फुटांच्या बेडवर ते सरकणाऱ्या हिचशिवाय वळतं. साडेपाच फुटांच्या बेडवर मात्र गृहीत धरू नका. ट्रेलर घेण्याआधी हा कोपरा बघा, आणि घेतल्यावर रिकाम्या पार्किंगमध्ये एकाला बाहेर उभं करून अगदी हळू, इंचाइंचाने वळवून बघा. बाहेरच्या माणसाची नजर केबिन आणि कोपरा यांच्या मधल्या फटीवर हवी. ‘थांब’ म्हटलं की थांबायचं, एवढं दोघांत आधी ठरवून घ्या.

बेडमध्ये आधीच काय आहे?

यावर तुमचे अर्धे पर्याय ठरतात.

बेडच्या तळाला मध्ये एक मोठं भोक आणि त्याच्या भोवती चौकोनात चार गोल झाकणं दिसली, तर कंपनीने कारखान्यातच सोय करून दिली आहे. याला पक सिस्टिम म्हणतात. फोर्डने आपल्या सुपर ड्यूटी ट्रकांवर ती २०११ पासून, रॅमने २०१३ पासून आणि शेव्ही-जीएमसीने २०१६ पासून द्यायला सुरुवात केली. पण ती सगळ्या ट्रकांवर नसते. जादा पैसे भरून घ्यायचं पॅकेज असतं. झाकणं असतील तर पट्ट्या बसवायची गरज नाही. हिचचे चार पाय थेट त्या भोकांत बसतात, फिरवून कुलूप लागतं. पट्ट्यांचं वजन वाचलं, बेड सपाट राहिला. एक काळजी मात्र घ्या: प्रत्येक कंपनीच्या भोकांचं अंतर वेगळं असतं, फोर्डसाठी घेतलेले पाय रॅमला बसत नाहीत.

मध्ये फक्त गुसनेकचा, म्हणजे दुसऱ्या जातीच्या ट्रेलरसाठीचा, गोळा असेल (२ ५/१६ इंचाचा), तर त्या एका गोळ्यावर किंवा त्याच्या भोकावर बसणाऱ्या हिच मिळतात. सगळ्यांत हलक्या हिच याच जातीत येतात.

यांतलं काहीच नसेल तर बेडला आडव्या दोन पट्ट्या बसवून घ्याव्या लागतात. त्यांना रेल म्हणतात. खालच्या चासीला ब्रॅकेट लावून त्या बोल्टने आवळतात. रेलची भोकं ठरावीक मापाची असल्यामुळे जवळपास कुठल्याही कंपनीची हिच त्यांवर बसते. पण रेल आणि ब्रॅकेट यांचं वजन कायमचं ट्रकवर राहतं. दुकानदार हिचचं वजन सांगेल, रेलचं सांगायचं राहून जाईल. दोन्ही विचारा.

हलक्या हिचचे प्रकार, आणि माझं मत

साध्या पोलादी हिच साधारण १०० ते २०० पाउंडांच्या असतात, सरकणाऱ्या त्याच्या वर.

अँडरसनची अल्टिमेट हिच ही ॲल्युमिनियमची. गोळ्यावर बसणारा प्रकार ३५ पाउंडांच्या आसपास आणि कंपनीने दिलेली क्षमता २४,००० पाउंड. इथे पिन जबड्यात अडकत नाही. ट्रेलरच्या किंगपिनवर एक जाडजूड ठोकळा कायमचा आवळायचा, त्याच्या पोटात हिचच्या टोकावरचा गोळा जाऊन बसतो. ग्रीसचा राडा नाही, जबड्याचा खडखडाट नाही. बेडमधून काढायची तर एक माणूस एका हाताने उचलून गॅरेजच्या कोपऱ्यात ठेवू शकतो. ट्रक रोजच्या कामालाही लागणार असेल, बेड मोकळा हवा असेल, पाठ दुखत असेल, तर हिच्याइतकी सोयीची दुसरी मला दिसत नाही.

पण घेण्याआधी दोन गोष्टी नीट समजून घ्या. ट्रेलरला तो ठोकळा लागला की तुमचा ट्रक बंद पडल्यावर दुसऱ्या कुणाचा साध्या हिचचा ट्रक तुमचा ट्रेलर ओढू शकत नाही. आधी ठोकळा उतरवावा लागतो. त्यासाठी लागणारा पाना ट्रेलरमध्येच ठेवायचा. दुसरं, ट्रेलरच्या आणि त्याच्या चासीच्या कंपनीला लेखी विचारा की या जोडणीने वॉरंटीला बाध येते का. फोनवरचं ‘चालेल’ पुरेसं नाही, ईमेल हवा.

दुसरा प्रकार म्हणजे जबड्याचीच, पण हलकी बांधलेली पोलादी हिच. पुलराइटची तर या प्रकारातली मालिकाच सुपरलाइट नावाची आहे. जबडा नेहमीचा, त्यामुळे डीलर, मेकॅनिक, कॅम्पग्राउंडमधला शेजारी सगळ्यांना ती जोडता येते. ट्रेलरला काहीच लावावं लागत नाही. पहिल्यांदाच फिफ्थ व्हील घेणाऱ्याने, पक सिस्टिम असलेला ट्रक असेल तर, आधी हाच प्रकार बघावा असं मी सांगेन.

तिसरा प्रकार हलका नाही, पण उचलायला सोपा आहे. बी अँड डब्ल्यूच्या कम्पॅनियनसारख्या हिचचे दोन भाग होतात, वरचं डोकं वेगळं आणि पाया वेगळा. दोघांनी दोन खेपांत बेडबाहेर काढता येते. पेलोड भरपूर असेल आणि अडचण फक्त उचलण्याची असेल, तर हीच घ्या; जबडा फार घट्ट बसतो, रस्त्यावर धक्के कमी जाणवतात.

नवख्यांनी टाळावा असा एकच प्रकार सांगतो: किंगपिनच्या जागी खाली लांब नळी लावून गुसनेकच्या गोळ्यापर्यंत नेणारे स्वस्त जोड. त्यांनी ओढीचा बिंदू बराच खाली जातो आणि ट्रेलरच्या चासीवर तरफेसारखा ताण येतो. ट्रेलरची चासी त्यासाठी बांधलेली नसेल तर वेल्डिंगला भेगा जातात.

दुकानात हात लावून बघायच्या गोष्टी

हिचवर दोन आकडे असतात. एक, ती किती वजनाचा ट्रेलर ओढेल. दोन, पिनवर किती वजन पेलेल. दोन्ही तुमच्या ट्रेलरच्या भरलेल्या वजनाच्या आणि पिन वेटच्या वर हवेत. एसएई जे२६३८ ही या हिचच्या चाचणीची प्रमाणसंहिता आहे. माहितीपत्रकात तिचा उल्लेख शोधा. आणि हिच २०,००० पाउंडांची घेतली म्हणून ट्रक तेवढं ओढायला लागत नाही. साखळीत जी कडी सगळ्यांत कच्ची, तीच तुमची मर्यादा.

मग जबडा बघा. काही हिचमध्ये दोन्ही बाजूंनी जबडे येऊन पिनला पूर्ण वेढा घालतात, काहींमध्ये एक जाड दांडा मागून आडवा सरकतो. वेढा घालणारा जबडा जास्त गच्च बसतो, ब्रेक दाबताना आणि सोडताना मागून जे ठोसे बसतात ते कमी होतात. दांड्याचा प्रकार स्वस्त आणि हलका, लहान ट्रेलरला चालतो. डोकं हाताने हलवून बघा: ते पुढे-मागे तर झुकलंच पाहिजे, डावीकडे-उजवीकडेही झुकलं तर उत्तम, कारण कॅम्पग्राउंडची जमीन कधीच सपाट नसते. जबडा उघडायच्या तरफेचा दांडा बेडच्या कडेवरून, आत न चढता हाताला लागतो का तेही बघा. हे घरी आल्यावर बदलता येत नाही.

उंची फार वेळा दुर्लक्षित राहते. ट्रेलर जोडल्यावर तो जमिनीला समांतर राहायला हवा, आणि त्याच वेळी ट्रेलरचा खालचा भाग व बेडच्या कडा यांत किमान साडेपाच-सहा इंच फट हवी. खड्ड्यात किंवा चढाच्या तोंडाशी ट्रक-ट्रेलर जोडणीपाशी वाकतात तेव्हा ही फटच बेड वाचवते. आजचे फोर-व्हील ड्राइव्ह ट्रक उंच असतात, त्यांत दोन्ही अटी एकदम जमवताना कसरत होते. म्हणून हिचची उंची किती टप्प्यांत बदलता येते ते विचारून घ्या.

बसवणं

पक सिस्टिमवर हिच तुम्ही स्वतः बसवू शकता. रेल बसवायच्या असतील तर अनुभवी दुकानातूनच बसवून घ्या असं मी आग्रहाने सांगेन. बेडखालून इंधनाच्या आणि ब्रेकच्या नळ्या, तारांचे जुडगे जातात. वरून ड्रिल मारताना ते दिसत नाहीत. एफ-१५० चा बेड २०१५ पासून ॲल्युमिनियमचा आहे, त्यासाठी त्याच ट्रकचं ब्रॅकेट किट मागा. चासीवर वेल्डिंग करू देऊ नका. बोल्ट टॉर्क रेंचने, पुस्तिकेतल्या आकड्याला आवळलेत का ते विचारा, आणि पहिल्या प्रवासानंतर पुन्हा तपासा. नवीन बोल्ट थोडे बसतात.

सोबत आणखी दोन वस्तू लागतात. बेडच्या आत सात पिनांचा प्लग आणि ट्रेलरच्या ब्रेकचा कंट्रोलर. नव्या ट्रकांवर टो पॅकेज (ट्रेलर ओढण्याची सोय) असेल तर कंट्रोलर बहुधा डॅशबोर्डवरच असतो.

पहिल्यांदा जोडताना

ट्रेलरच्या चाकांना पुढे-मागे उटी, म्हणजे चाक सरकू न देणारे ठोकळे, लावा. बेडचं मागचं फळकूट खाली करा. ट्रेलरचे पुढचे पाय वर-खाली करून पिनची पाटी हिचच्या पाटीपेक्षा किंचित खाली आणा, म्हणजे ट्रक मागे येताना हिच तिला जरा उचलून घेईल. पिन उंच राहिली तर ती जबड्याच्या वरच टेकते, लागल्यासारखी दिसते आणि पहिल्या चढावर निसटून ट्रेलर बेडवर कोसळतो. फिफ्थ व्हीलचं नुकसान असंही होतं.

हळू मागे या. जबडा मिटल्याचा खणखणीत आवाज येतो. त्या आवाजावर विसंबू नका. खाली उतरा, टॉर्च घ्या आणि जबड्यात मागून वाकून बघा: पिनच्या भोवती जबडा पूर्ण मिटलेला आहे, पिनची पाटी आणि हिचची पाटी यांच्यात फट नाही, तरफ कुलपाच्या जागी आहे. मग कुलपाची खीळ घाला.

आता वायर लावा, आणि ब्रेकअवेची तार ट्रकच्या चासीला किंवा बेडच्या कडीला अडकवा. ती हिचच्या दांड्याला कधीच बांधू नये. ट्रेलर सुटला की ही तार ओढली जाऊन ट्रेलरचे ब्रेक लागतात. हिचच उखडली तर तीच तार तिच्यासोबत जाईल.

ओढून बघायची चाचणी सगळ्यात महत्त्वाची. पुढचे पाय जमिनीपासून फक्त इंचभर उचला, जास्त नाही. चाकांना उटी तशीच ठेवा, ट्रेलरचे ब्रेक कंट्रोलरवरून हाताने दाबून धरा आणि ट्रक अगदी हळू पुढे घ्या. जोडणी पक्की असेल तर ट्रक अडतो. नसेल तर ट्रेलर इंचभरच खाली येऊन पायांवर टेकतो आणि तुमचा बेड वाचतो. हे झाल्यावरच पाय पूर्ण वर घ्या, उटी काढा, फळकूट लावा, सगळे दिवे तपासा. या क्रमात घाई करायला लावणारा कोणी मागे उभा असेल तर त्याला थांबायला सांगा.

जबड्याच्या हिचवर दोन पाट्यांच्या मध्ये ग्रीसऐवजी प्लॅस्टिकची चकती बसवता येते. स्वस्त आहे, घ्याच.

काट्यावर जा

पहिल्या मोठ्या प्रवासाआधी सगळं भरून, सगळ्यांना बसवून ट्रक-ट्रेलर वजनकाट्यावर न्या. महामार्गावरच्या ट्रक स्टॉपवर कॅट स्केलचा फलक दिसेल. काट्याच्या वेगवेगळ्या पाट्या असतात: पुढचा ॲक्सल एकीवर, मागचा दुसरीवर, ट्रेलरची चाकं तिसरीवर. पावती मिळाली की ट्रेलर पार्किंगमध्ये सोडून, गाडीतली माणसं आणि सामान तसंच ठेवून, नुसत्या ट्रकचं पुन्हा वजन करा. २४ तासांच्या आत दुसऱ्यांदा केलं तर कमी पैसे पडतात.

पहिल्या पावतीवरच्या पुढच्या आणि मागच्या ॲक्सलची बेरीज करा, त्यातून दुसऱ्या पावतीवरची बेरीज वजा करा. उरतं ते तुमचं खरं पिन वेट. मागच्या ॲक्सलचा पहिल्या पावतीवरचा आकडा दारावरच्या मर्यादेशी ताडून बघा, आणि पुढच्या-मागच्या ॲक्सलची बेरीज ट्रकच्या जीव्हीडब्ल्यूआरशी. जास्त भरलं तर आधी पाणी सोडा, मग पुढच्या सामानघरातलं जड सामान ॲक्सलच्या आसपास हलवा. सगळंच मागे ढकलू नका, पिनवर फार कमी भार राहिला तर ट्रेलर नीट चालत नाही.

कॅलिफोर्नियात राहत असाल तर लायसन्सकडेही बघा. १०,००० पाउंडांच्या वर आणि १५,००० च्या आतल्या फिफ्थ व्हीलसाठी नेहमीच्या लायसन्सवर वेगळी नोंद लागते, १५,००० च्या पुढे खासगी वापराचं क्लास ए लायसन्स. बाकीच्या राज्यांचे नियम आपापल्या डीएमव्हीकडून (लायसन्स देणाऱ्या खात्याकडून) तपासून घ्या.

जुनी हिच घ्यावी का?

घ्यावी, पण बघून. पोलादी जबड्याच्या हिच टिकतात आणि ट्रेलर विकणारे त्या स्वस्तात देऊन टाकतात. जबड्याच्या आतली बाजू झिजून खळगा पडला आहे का, वेल्डिंगच्या कडेला गंजाची केसासारखी बारीक रेघ आहे का, तरफेची स्प्रिंग ढिली आहे का, हे तीन ठिकाणी बघा. क्षमतेचं स्टिकर उडालं असेल तर घेऊ नका, कारण तिचा आकडा सिद्ध करता येत नाही. पाय तुमच्या ट्रकच्या पकला बसणारे नसतील तर नुसते पाय नवे मिळतात का ते कंपनीला विचारा. ॲल्युमिनियमच्या जुन्या हिचवर वाकलेला पाईप किंवा कुठेही ठोकल्याची खूण दिसली, तर भाव कितीही चांगला असो, सोडून द्या. वाकलेलं ॲल्युमिनियम सरळ करून पुन्हा त्याच भाराला लावता येत नाही.